करंजावरची पिशवी

पावस
२३ नोव्हेंबर १९८६

ति. महिपतदादास,
सा. न.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. आईच्या अस्थी विठूकाकांनी तिसऱ्या दिवशी गोळा केल्या आणि लहान मडक्यात भरल्या. मडक्याचं तोंड पांढऱ्या फडक्याने बांधलं.

२. अस्थी घरात ठेवत नाहीत. रामदादा मस्कतहून येईपर्यंत मडकं बाहेर राहणार होतं. काकांनी पिशवी मागितली. आईची बाजाराची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला होती, ती मी दिली. तू काढलेलं चित्र छापलेली. काकांनी ती अंगणाच्या गडग्याबाहेरच्या करंजाला, वरच्या फांदीवर टांगली.

३. चौथ्या दिवशी तू आलास. कुणी तुला हे सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

४. शेजारच्या हौसाकाकूंना तुला साखरआंबा द्यायचा होता. सुतकाच्या घरातून कुणाला काही देत नाहीत. म्हणून त्यांनी तो त्यांच्या घरून आणला आणि आमचा उंबरा न ओलांडता त्याच करंजाच्या खालच्या फांदीला टांगला. एसटीत बरणी फुटेल म्हणून मडक्यात घातला होता. वर फडकं. पिशवीही तुझ्याच चित्राची. तू १९८३ साली दोन आणल्या होत्यास. एक आईला, एक मला. माझी मी हौसाकाकूंना दिली होती.

५. सुतकाच्या घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. तूही म्हणाला नाहीस. त्यामुळे तुला जाताना कुणी पाहिलं नाही.

६. काल करंजाच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली. अस्थींना मुंग्या लागण्याचं कारण नाही. पिशवी उतरवून फडकं सोडलं. आत साखरआंबा होता.

म्हणजे तू नेलेलं मडकं आईचं आहे.

हौसाकाकू ऐकून पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “मी त्याला बोलले, करंजावरची पिशवी ने. कुठली ती बोलले नाय. येवढा मोठा चितारी, आपली पिशवी वळखता येत नाय काय त्याला?” मग त्या रडल्या. विठूकाका अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मडकं उघडलं नसशील तर उघडू नकोस. उघडलं असशील तर तसं कळव. कुणाच्या हाती किंवा टपालाने पाठवू नकोस. रामदादा २८ डिसेंबरला येणार आहे, त्याच्या आत ते इथे यायला हवं.

मी कामावर जाते आहे.

दमयंती


मुंबई
१ डिसेंबर १९८६

प्रिय दमू,

तुझं पत्र मी स्टुलावर उभा राहून वाचलं, कारण मडकं कपाटावर आहे आणि दुसऱ्या ओळीपर्यंत आल्यावर मी आधी स्टूल ओढलं.

उघडलेलं नाही. साखरआंबा म्हणूनच ठेवला होता, पण खाऊन संपला की संपला, असं वाटून रोज उद्यावर ढकलत होतो. शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीने एकदा विचारलंही, काका वर काय लपवून ठेवलंय. मी म्हटलं, माझ्या गावचा खाऊ आहे, तुला देणार नाही. आता तिच्याकडे बघवत नाही.

हौसाकाकूला सांग, तिची चूक नाही. मी पिशवी ओळखली होती. दोन दिसल्या. एक कोरी, एक वापरून विटलेली. विटलेली मावशीची, हे लांबूनच कळलं. मला वाटलं काकूने खाऊ दोन पिशव्यांत घातलाय, एक माझी आणि एक आणखी कुणाची. मी मावशीची घेतली. मुंबईत लोक अस्थी त्याच दिवशी समुद्रात सोडून घरी येऊन चहा पितात. तिथे झाडावर काय असतं हे मी विसरलो होतो. अकरा वर्षं त्याच घरात वाढून विसरलो.

तार आली तेव्हा मी बडोद्याला होतो. नाहीतर तिला पाहिलं असतं.

आता दुसरं. लिहू की नको असं दोन दिवस चाललंय, म्हणून लिहूनच टाकतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझं प्रदर्शन आहे. गेल्या वर्षभरात मी एकही बरं चित्र काढलेलं नाही. गॅलरीच्या बाई परवा खोलीवर आल्या. भिंतीला लावलेली चित्रं बघून नुसतं हूं हूं केलं. मग कपाटावर मडक्याभोवती गुंडाळलेली पिशवी दिसली. तिच्यावर निळा पट्टा एका ठिकाणी अगदी विरून गेलाय, खालचं कापड दिसतं. त्यावरून बोट फिरवून बाई म्हणाल्या, “हे तुम्ही केलं असतं तर तीन वर्षांतलं तुमचं सगळ्यात चांगलं काम झालं असतं.” मी म्हटलं, हे माझ्या मावशीने केलंय, बाजार करता करता. त्या म्हणाल्या, मग हेच टांगा.

मडकं मी आणतो. पिशवी मला ठेवू दे. चौकट नाही, काही नाही, नुसत्या खिळ्याला. मावशीच्या दारामागे होती तशी.

आणि तो रंग तिथेच का उडाला असेल, तुला ठाऊक आहे का?

तू कशी आहेस ते लिहीत नाहीस. त्या दिवशी तू एकदाही रडली नाहीस. मी बघत होतो.

तुझा,
महिपत


पावस
७ डिसेंबर १९८६

ति. महिपतदादास,
सा. न.

पत्र मिळालं. उघडलं नाहीस ते बरं झालं. मडकं कपाटावरून काढून खिडकीबाहेर टांग. ते छपराखाली नको, असं विठूकाकांचं म्हणणं आहे. त्या मुलीला काही सांगायची गरज नाही.

रंगाबद्दल. कापडावर छापलेला रंग उष्णता देऊन पक्का करावा लागतो. तुमच्या छापखान्याने तो नीट केलेला नाही. हौसाकाकूंची पिशवी न वापरलेली आहे. तिच्या कोपऱ्यावर ओलं फडकं दहा वेळा घासलं. फडकं निळं झालं. कोरड्या फडक्यालाही थोडा रंग लागला. लाल आणि काळ्याला तसं झालं नाही. म्हणजे दोष निळ्यात आहे. यात आईचं किंवा बाजाराचं कर्तृत्व नाही. बाईंना तसं सांग.

पिशवी देता येणार नाही. चित्र तुझं आहे. पिशवी आईची होती. तिच्यात तिने तीन वर्षं नारळ, बांगडे, रॉकेलची बाटली आणि माझी औषधं आणली. मुंबईच्या भिंतीवर ती लावली की लोक पाहणार, आणि पाहून काहीतरी बोलणार. ते मला नको. कारण नीट मांडता येत नाही, म्हणून फक्त नकार लिहिते.

रडण्याबद्दल लिहिलंस. नाही. कारखान्यात मी कोळंबीचे नमुने तपासते. बर्फात हात घातला की थोड्या वेळाने काही कळेनासं होतं. दुखतं ते हात बाहेर काढल्यावर. नवीन मुली लगेच बाहेर काढतात आणि कळवळतात. मी काम संपेपर्यंत काढत नाही.

रामदादाचं अजून पत्र नाही. २८ तारीख गृहीत धरून चाल. कोणत्या गाडीने येणार ते कळव.

दमयंती


मुंबई
१५ डिसेंबर १९८६

प्रिय दमयंती,

मडकं खिडकीबाहेर टांगलंय. खाली रस्ता आहे, पडू नये म्हणून सुंभाने दोनदा बांधलं. कावळे येऊन बसतात आणि आत बघतात. मी त्यांना काही देत नाही. मला तो अधिकार नाही.

तुझं रंगाचं पटलं, आणि पटलं नाही. छापखान्याने ढिलाई केली असेल. पण धुण्याने रंग गेला असता तर सगळा निळा सारखा विटला असता. मी दिवसभर रंगातच बसलेला असतो, एवढं मलाही कळतं. रंग एकाच जागी गेलाय. खाली, एका बाजूला, तळहाताएवढा. बाकीचा निळा बऱ्यापैकी शाबूत आहे. तिथे कुणीतरी घासलंय.

तुला आठवत नसेल, पिशवी मी मावशीला दिली तेव्हा काय झालं. तिने ती उलटसुलट केली आणि विचारलं, “बाबल्या, याची वरची बाजू कुठली रे?” मी हसलो. म्हटलं, कशीही धर. ती म्हणाली, “बरं. आणि धुतली तर चालेल ना?” बस, एवढंच. पुढे तीन वर्षांत चित्राबद्दल एक शब्द नाही. माझी पंचवीस चित्रं विकली गेली, पेपरात नाव आलं, कुणी मला काही म्हणालं तरी चालायचं. मावशी काही म्हणाली नाही, तेवढं मात्र राहिलं.

मला वाटतं, तिला ते डाग वाटले. तिने काथ्याने आणि राखेने घासून काढायचा प्रयत्न केला, जशी ती पातेली घासायची. आणि एवढं काढल्यावर दमून सोडून दिलं. तुला हे माहीत असणार, तू त्या घरात होतीस. तू मला छापखान्याच्या भट्टीबद्दल सांगतेस. सरळ सांग ना, तिला आवडलं नव्हतं.

तसं असेल तर मला पिशवी टांगायलाच हवी. लोक चांगलं म्हणतील म्हणून नव्हे. माझ्या चित्रावर तिने दिलेलं तेवढं एकच उत्तर माझ्याकडे आहे.

बाकी माझं तिथे काय काम? अग्नी विठूकाकांनी दिला. विसर्जन रामा करील, तोच मुलगा. मी कोण? बहिणीचा पोर, आईवेगळा म्हणून ठेवून घेतलेला आणि अकराव्या वर्षी बापाकडे परत पाठवलेला. आता मडकं पोचवणारा. मी असं करतो, रात्रीच्या गाडीने महामार्गावरच हातखंब्याला उतरतो, काकांना तिथे यायला सांग, मडकं त्यांच्या हातात देतो आणि समोरून येईल त्या गाडीने मागे फिरतो. पिशवी माझ्याकडे राहील. काकांना दुसरी घेऊन यायला सांग.

तुझ्या बर्फाबद्दल वाचलं. पुन्हा वाचलं. 

महिपत


पावस
३० डिसेंबर १९८६

प्रिय बाबलदादा,

रामदादा येत नाही. त्याचं पत्र २४ला आलं. त्याचा पासपोर्ट कंपनीकडे आहे आणि उन्हाळ्यापर्यंत रजा नाही. त्याने लिहिलंय, माझी वाट पाहू नका, करून घ्या. पत्राच्या शेवटी त्याने आईला नमस्कार लिहिला आहे. सवयीने लिहिला असावा. मी ते काकांना वाचून दाखवलं नाही.

काकांना हातखंब्याचं सांगितलेलं नाही.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट बरोबर होती. धुण्याने रंग एका जागी जात नाही. माझं कारण अपुरं होतं, म्हणून पुन्हा तपासलं.

रविवारी हौसाकाकूंची पिशवी मागून घेतली. आई आणायची तेवढंच सामान आणायचं ठरवलं. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून बाजारात गेले. चित्र कशालाच लागलं नाही. येताना पिशवी भरलेली होती. चित्र आतल्या बाजूला घेतलं. चालताना ते मांडीला घासत होतं, खाली, एकाच जागी. तळहाताएवढं. घरी आल्यावर साडीवर निळसर पुसट ठसा होता.

म्हणजे आई चित्र आतल्या बाजूला धरत होती. मी तीन वर्षं तिला बाजारातून येताना पाहिलं आहे आणि हे पाहिलेलं नाही.

असं का, ते मला माहीत नव्हतं. तुझं म्हणणं खरं असू शकलं असतं, की तिला आवडलं नव्हतं. तसं असतं तर मी तसं लिहिलं असतं. सोमवारी सकाळी मासळीवाल्या कमळाबाईंना विचारलं, कारण आई त्यांच्याकडेच घ्यायची. त्या बोलल्या ते आठवतं तसं देते.

“तुझी आय काय कमी व्हती काय गो? पयल्यांदा ती पिशवी घेवन आली तवा मी हसले. बोलले, विमल, ह्या काय, पोराने शाय सांडली काय वर? झाला. पंधरा दिस माज्याकडची मासळी घेतली नाय. समोरच्या बायकडसून नासके बांगडे घ्यायची, पण माज्याकडं बघायची नाय. मंग एक दिस आपणच आली. तवापासून चित्र आत. मी बोलले, लपवतेस कशाला, आता नाय हसणार. तर बोलली, लपवीत नाय. बाहेर ठेवला की कोण ना कोण विचारतो, ह्या कसला चित्र. मला सांगता येत नाय. मंग ते हसतात. माज्या बाबल्याला कोण हसलेला मला चालत नाय, आणि रोज कोणाकोणाशी भांडू?”

मग त्यांनी मला दोन बांगडे जास्त दिले. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, “तुला नाय, तिच्यातले ऱ्हायलेले.”

घरी येऊन ट्रंक उघडली. आईची तीन लुगडी आहेत. चौथं तिच्याबरोबर गेलं. तिन्हींवर उजवीकडे, मांडीच्या उंचीवर, निळे डाग आहेत. धुऊन फिकट झालेले, पण एकाच जागी. जुन्या लुगड्यावर जास्त, नव्यावर कमी. रंग तिथेच का उडाला असं तू विचारलं होतंस; तो कुठे गेला तेही कळलं. तो तिथे आहे.

लुगडी पुन्हा घडी करून ठेवायची होती. ती अजून खाटेवरच आहेत. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. एवढंच लिहिते.

आता विसर्जनाचं. विठूकाका म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, बाबलदादा करील. ते म्हणाले, “भाच्याचा काय हक्क?” मी म्हटलं, मला हक्काचं काही माहीत नाही. त्याला अकरा वर्षं न्हाऊमाखू कुणी घातलं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मी तर तेव्हा पाळण्यात होते. काकांनी पानाचा डबा ओढला. पान लावलं. मग म्हणाले, “त्या चिताऱ्याला धोतर नेसता येतं काय?” मी म्हटलं, नसेल येत तर तुम्ही नेसवा. यावर त्यांनी नाही म्हटलेलं नाही. हौसाकाकूंना त्यांनी काल हाक मारली, गाय सुटली आहे म्हणून. गाय काकांचीच होती.

पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी जायचं आहे. मन्सूरभाई होडी देतात. त्यांनी १८ जानेवारी, रविवार सुचवला आहे. त्या दिवशी ओहोटी दुपारनंतर लागते, तेव्हा सोडलेलं परत किनाऱ्याला येत नाही, असं ते म्हणतात. आई त्यांच्या बायकोला, फरीदाला, आंब्याच्या दिवसांत फणसाची पानं द्यायची, इडल्या उकडायला. त्यामुळे त्यांनी दुसऱ्या कुणाची होडी ठरवू दिली नाही.

हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, आणि तुला वाईट वाटलं म्हणूनही नाही. रामदादा नाही. तू आहेस. मडकं इतके दिवस तुझ्याच खिडकीला आहे.

येताना ते त्याच पिशवीतून आण. एसटीत मांडीवर धर, वरच्या फळीवर ठेवू नकोस. चित्र तुझ्या बाजूला राहू दे. कपड्यांना रंग लागेल.

विसर्जनानंतर पिशवी रिकामी होईल. ती फेब्रुवारीत तुझ्या भिंतीला जायची की इथे दारामागच्या खिळ्याला, ते तेव्हा तिघांनी बसून ठरवू. तिसऱ्या हौसाकाकू. त्यांचं म्हणणं आहे की त्यांनी अजून तुला साखरआंबा दिलेलाच नाही. मुंग्या लागलेला त्यांनी टाकला, दुसरी बरणी काढून ठेवली आहे. आता सुतक नाही, घरात येऊन हातात देता येईल.

मन्सूरभाईंना होडीचं नक्की सांगायचं आहे. तू येतोस की नाही, ते मला दहा जानेवारीपर्यंत कळव.

दमू